शुद्ध मराठीतली खुर्ची

आमच्या कार्यालयात माझ्याइतकं शुद्ध मराठी कुणी लिहीत नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. ऑफिसात मला ‘शब्दकोश’ म्हणतात आणि मी ते कौतुक समजतो.

तर झालं असं, की आम्हा सरकारी नोकरांना संघटनेमार्फत एकत्रित मागण्या मांडायचा आणि वरिष्ठांशी समोरासमोर बोलणी करायचा हक्क एकदाचा मिळाला. आधी ज्याने त्याने अर्ज करायचा आणि ज्याने त्याने विसरून जायचं, अशी पद्धत होती. आता सगळ्यांचं मिळून एक मागणीपत्र आणि एक करार, तोही तीन वर्षांचा. मागणीपत्र लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. म्हणजे मीच ते ओढून घेतलं.

मागणी एकच होती. दाखल्यांच्या पाच खिडक्यांवर बसायला काही नाही. उभा माणूस भराभर काम करतो, असं पूर्वीच्या कुणा साहेबांचं मत होतं. ते साहेब गेले, मत राहिलं. जन्म-मृत्यूच्या खिडकीवरच्या ताई अकरा वर्षं उभ्या आहेत. गुडघे पार कामातून गेलेत. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, दोन महिन्यांत बसायची सोय करा, नाहीतर नोकरी सोडा. निवृत्तीला सहा वर्षं बाकी आणि घरात कमावत्या त्या एकट्याच.

“भाऊसाहेब, खुर्ची लिहा,” ताई म्हणाल्या. “पाच खुर्च्या. बास.”

“ताई, साहेबांपुढे ‘आम्हाला खुर्ची हवी’ म्हटलं, तर त्यांना वाटेल त्यांचीच मागतोय. शिवाय शब्द परभाषेतला आहे.”

“असू दे की. बसता येतं ना त्याच्यावर?”

मी हसलो आणि लिहिलं : ‘खिडकीवरील कर्मचाऱ्यांसाठी बैठकीची व्यवस्था व्हावी.’

साहेबांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

“मान्य.”

चार मिनिटांत सह्या झाल्या. बाहेर आल्यावर ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, मलाही भरून आलं. घरी जाऊन मी बायकोला सगळं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती स्वयंपाकघरात निघून गेली.

सोमवारी आदेश निघाला. खिडकीवरील कर्मचाऱ्यांची बैठक दर सोमवारी, कार्यालय उघडण्याआधी अर्धा तास, खिडक्यांपाशीच होईल. तिथे बसायची सोय नसल्यामुळे बैठक उभ्याने होईल. इतिवृत्त शब्दकोश लिहितील. म्हणजे मागणी मान्य होऊन ताईंच्या वाट्याला आठवड्यात अर्धा तास जास्त उभं राहणं आलं.

मी धावत साहेबांकडे गेलो.

“साहेब, बैठक म्हणजे ती बैठक नव्हे.”

“मग कुठली?”

“बसायची.”

“बैठकीत बसतातच की.” त्यांनी करार पुढे सरकवला. “शब्द तुमचे आहेत. आता तीन वर्षं हात लावता येत नाही. दोन पुरवणी मागण्या मिळतात, त्यांतली एक वापरा.”

ताई म्हणाल्या, “आता तरी खुर्ची लिहा.” पण प्रश्न आता भाषेच्या अब्रूचा होता. मी लिहिलं : ‘सदर कर्मचाऱ्यांसाठी आसनांची सोय करावी.’

बुधवारी योगशिक्षक आले.

चांगले गृहस्थ होते. खिडक्यांमागे सतरंजीपुरतीही जागा नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “हरकत नाही, उभ्याने करायची आसनं घेऊ.” त्यांनी पाचही जणांना एका पायावर उभं केलं. ताईंनी एका हाताने खिडकीचा गज धरला होता आणि नजर माझ्यावर ठेवली होती. बाहेर रांगेतले एक आजोबा म्हणाले, “अहो, दाखला दोन्ही पायांवर दिलात तरी चालेल.” कुणी हसलं नाही.

दोन महिन्यांतले नऊ दिवस उरले होते आणि पुरवणी मागणी एक.

ताईंनी माझ्याकडे कागद मागितलाच नाही. मृत्यूच्या दाखल्याचा एक कोरा फॉर्म उलटा केला आणि त्यावर लिहिलं : ‘खुर्च्या पाच. पाठ असलेल्या. बसायला.’ खाली चित्रही काढलं. खिडकीवरच्या चौघांच्या सह्या घेतल्या आणि पाचवी आपली केली. मग सगळेच साहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले. उभं राहण्याचा त्यांना सराव होताच.

साहेबांनी वाचलं. चष्मा पुसावा लागला नाही.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

सहाव्या दिवशी पाच खुर्च्या आल्या. ताई बसल्या, पाय लांब केले, डोळे मिटले आणि नुसतं “हं” म्हणाल्या. अकरा वर्षांत त्या खिडकीवरून इतकं चांगलं वाक्य मी ऐकलं नव्हतं. त्याच दुपारी संघटनेने मला काढून ताईंना प्रतिनिधी केलं.

करार तीन वर्षांचा असल्यामुळे सोमवारची बैठक चालूच आहे. पाच जण पाच खुर्च्यांवर बसतात आणि मी उभ्याने इतिवृत्त लिहितो. महिन्याभरात माझेही गुडघे बोलू लागले. वैयक्तिक अर्ज आता चालत नाहीत, म्हणून मी रीतसर ताईंकडे चिठ्ठी दिली : ‘इतिवृत्तलेखकास पीठ मिळावे.’ पीठ म्हणजे आसन. व्यासपीठातलं पीठ. साधी गोष्ट आहे.

ताईंनी चिठ्ठी वाचली. बराच वेळ वाचली.

“नक्की हेच हवं? शब्द बदलायचा नाही?”

“एक अक्षरही नाही.”

त्यांनी चिठ्ठीवर शिफारस लिहून ती कँटीनकडे पाठवली. संध्याकाळी माझ्या टेबलावर पिशवी आली. दोन किलो, गव्हाचं. वर ताईंची सही : ‘मागणी मान्य.’

घरी पोचल्यावर बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं.

“बरं झालं,” ती म्हणाली, “घरातलं संपलंच होतं.”