कॉफीची गाडी दारात थांबली की

अल्बिना कुचेरा कोलाच नावाच्या गोड पावांच्या खळग्यांत जर्दाळूचा मुरंबा भरत होती, तेवढ्यात फ्रीजवरचा स्कॅनर खरखरला. खरखरीच्या ढिगाऱ्याखालून एका बाईचा शांत, सपाट आवाज आला. "मेपल स्ट्रीट... चर्चशेजारचं घर... स्वयंपाकघरातून धूर..."

अल्बिनाने हातसुद्धा पुसले नाहीत. आग लागली की बंबवाल्यांना कॉफी आणि सँडविच पोचवायचे, यात तिची हयात गेली होती. नवरा बंबावर होता तेव्हा ती बायकांच्या मंडळात शिरली. पुढे नवरा गेला, मंडळातल्या बाकीच्या बायका गुडघ्यांपायी घरी बसल्या आणि उरली ती अल्बिना आणि मंडळाची जुनी पांढरी गाडी. नेब्रास्कातल्या त्या छोट्या गावचा आगीचा भोंगा वसंतात वीज पडून मुका झाला होता. तेव्हापासून सगळी मदार बंबवाल्यांचं बोलणं पकडणाऱ्या या स्कॅनरवर.

मेपल स्ट्रीटवर ना धूर होता ना बंब. व्हेल्मा रुझिका ओसरीत वाटाणे सोलत बसली होती. दारात कॉफीचं पिंप उतरताना पाहून तिच्या मांडीवरचं भांडं कलंडलं.

"अगं बाई, कोण गेलं?"

"कोणी नाही. तुझ्या स्वयंपाकघराला आग लागलीय."

"माझ्या? मी आत्ता तिथूनच आले की!"

"परत एकदा बघून ये."

व्हेल्मा बघून आली. आग नव्हती. मग दोघींनी एकेक कोलाच खाल्लं, कारण नेलेलं खाणं परत आणायची त्या गावात पद्धत नव्हती.

प्रकरण तिथेच मिटायचं. पण त्याच आठवड्यात व्हेल्माच्या कढईतल्या चरबीने पेट घेतला आणि खिडकीचे पडदे जळून गेले. गाव कुजबुजू लागलं. अल्बिनाला आधीच कसं कळलं?

अल्बिनाची काळजी वेगळीच होती. स्कॅनर अर्धवट बोलतो म्हणून आपण चुकतो, असं तिचं म्हणणं. ती तो काखोटीला मारून शेजारच्या ऑर्विल स्टेन्सरुडकडे गेली. ऑर्विलने जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं, आणि ऐकणारं कोणी भेटलं की तो अजूनही शिकवायचा.

"आधी चोर घरात शोधायचा," तो म्हणाला. "फ्रीजची मोटर चालू झाली की तीही बडबडते, फक्त आपल्याला नाही, रेडिओला ऐकू येते. तेव्हा याला फ्रीजवरून काढ. ही वायर गंजलीय, ती बदलू. आणि छपरावर चांगली उंच अँटेना लावू. कान जितका उंच, तितकं लांबचं ऐकू येतं."

तो शिडीवर चढला. खाली अल्बिना खिडकीतून ओरडत राहिली, "आली बाई! गेली! आली, आता हलवू नकोस!"

त्या दिवसापासून बाईचा आवाज इतका स्वच्छ येऊ लागला, की जणू ती अल्बिनाच्या खांद्यामागे उभी राहून बोलत होती. आता पत्तेही पुष्कळ येऊ लागले. मिल रोडवर गवताला आग, म्हणून अल्बिना मिल रोडवर गेली. तिची गाडी पाहताच तिथल्या शेतकऱ्याचा चेहरा उतरला. त्याने धावत जाऊन गवताच्या गंजीत हात खुपसला, तर आतलं ओलसर गवत चटका बसण्याइतकं तापलेलं. गंज वेळेवर उपसली म्हणून कोठार वाचलं. पण त्याने आभार मानले नाहीत. दोन पावलं मागे सरकून तो म्हणाला, "बाई, पुन्हा माझ्याकडे येऊ नका."

मग गावाने धसकाच घेतला. पांढरी गाडी वळताना दिसली की त्या रस्त्यावरचे लोक आधी कुत्री, मग सोफा आणि मग नवरे असे क्रमाने बाहेर काढू लागले. एकदा अल्बिना बुटाची नाडी बांधायला न्हाव्याच्या दुकानासमोर थांबली, तर आतलं गिऱ्हाईक अर्ध्या गालावर फेस घेऊन रस्त्यात आलं.

शेवटी बंबवाल्यांचा प्रमुख ड्वेन होलूब तिच्या स्वयंपाकघरात येऊन टोपी चाचपत उभा राहिला.

"काकू, तुम्ही जाता त्यातला एकही पत्ता रॉयने दिलेला नसतो. तुम्ही ऐकता तरी कोणाचं?"

"तुमच्या त्या नव्या बाईचं."

"कोणती बाई? काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीतून आगीचे पत्ते रॉय एकटाच सांगतो." ड्वेनचा आवाज खाली आला. "बाई होती. हेन्रिएटा. पण ती जाऊन कैक वर्षं झाली, काकू."

स्कॅनर मंद खरखरत राहिला.

"गाडीची चावी द्या," ड्वेन म्हणाला. "गाव घाबरलंय. मला वाईट वाटतं, पण द्या."

अल्बिनाने चावी दिली. तो गेल्यावर तिने सवयीने कॉफी चढवली आणि मग तिच्या ध्यानात आलं, की ही आता न्यायची कोणाला? गाडी नसली, तर ती मुरंबा करणारी एक म्हातारी होती, आणि तशा गावात बऱ्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑर्विल तिच्याकडे ऐकायला बसला. बाहेर वारा ठप्प होता. मक्याचं एक पान हलत नव्हतं. एकाएकी खरखर थांबली आणि ती बाई बोलली.

"एल्म स्ट्रीट. कोपऱ्यावरचं निळं घर. वृद्ध गृहस्थ, एकटेच राहतात. श्वास चालू नाही."

ऑर्विल एल्म स्ट्रीटवर, कोपऱ्यावरच्या निळ्या घरात राहत होता. एकटाच. त्याने हळूच स्वतःची नाडी धरली.

"अल्बिना, मी श्वास घेतोय ना?"

"घेतोयस. पण बेताचाच."

"टॅनर काउंटी केंद्र, संदेश समाप्त," बाई म्हणाली आणि खरखर परत आली.

"टॅनर?" ऑर्विल ताडकन उठला. "नेब्रास्कात टॅनर काउंटी नाही!" त्याने नकाशा आणला. टॅनर काउंटी सापडली ती पार पूर्वेला, पेनसिल्व्हेनियात.

मग त्याने ड्वेनलाही बोलावून घेतलं आणि दोघांना शिकवणी दिली. हातातला चेंडू छताकडे तिरपा फेकला. तो छताला आपटून थेट मुरंब्याच्या पातेल्यात पडला.

"पाहिलंत? उन्हाळ्यात कधीकधी आकाशात खूप उंचावर असं छत तयार होतं. तिकडचा रेडिओवरचा आवाज त्यावर आपटतो आणि इकडे येऊन पडतो. त्यात मी अँटेना त्या बाईचा आवाज ऐकत ऐकत फिरवली. अँटेना तिच्याकडे तोंड करून बसलीय, आणि रॉयकडे पाठ."

"पण मेपल, एल्म, मिल रोड?" ड्वेनने विचारलं.

"मेपल आणि एल्म नसलेलं एक गाव या देशात दाखव."

ऑर्विलने टॅनरच्या बंबवाल्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तुमच्याकडे," पलीकडचा माणूस म्हणाला, "रॉय नावाचं कोणी आहे का?"

"आहे."

"देवा! आमच्या मिनर्व्हाबाई सूपचं पातेलं घेऊन भलत्याच घरी जातात. म्हणतात, स्कॅनरवर रॉय सांगतो. त्यांच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव रॉय. पाद्रीबाबांना बोलावून झालं, परवा गाडीची चावीही काढून घेतली."

"चेंडू येतो तसा जातोही," ऑर्विल पुटपुटला. "हे मला आधी सुचायला हवं होतं."

"त्या बाईंचा नंबर घे," अल्बिना म्हणाली.

मिनर्व्हाने फोन उचलला आणि ओळख होताच विचारलं, "मेपल स्ट्रीटवरचं स्वयंपाकघर तुमच्याकडचं का हो?"

"हो. पडदे गेले, बाकी ठीक. आणि एल्म स्ट्रीटवरचे ते आजोबा?"

"सावरले. आता नर्सशी भांडतायत."

अल्बिनाने हे सांगितलं, तेव्हा ऑर्विल मटकन खुर्चीत बसला आणि छाती भरून श्वास घेतला.

इतक्यात स्कॅनर खरखरला. आवाज इतका खोल गाडलेला होता, की बाईचा की पुरुषाचा तेही कळेना. "ओक स्ट्रीट... शाळेमागे... धूर..."

"आपली की त्यांची?" ड्वेनने विचारलं.

"सांगता येत नाही," ऑर्विल म्हणाला.

ड्वेनने खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. "काकू, कॉफी तयार आहे?"

"मिनर्व्हाबाई, मी निघते," अल्बिना फोनमध्ये म्हणाली.

"मीसुद्धा," पलीकडून आवाज आला. "चावी नसली म्हणून काय झालं? चालत जाईन."

दारं आपटली. बाहेर पांढरी गाडी सुरू झाली आणि तिच्यामागे ड्वेनची. लोंबकळता फोन जागेवर ठेवायला ऑर्विलने उचलला आणि थबकला. हजार मैलांवरच्या त्या रिकाम्या स्वयंपाकघरात सूप रटरटत होतं, आणि तिथल्या स्कॅनरवरून एक पुरुषी आवाज अगदी स्वच्छ ऐकू येत होता. तो रॉय होता.

"ओक स्ट्रीट, शाळेमागचं घर. ड्वेन, ऐकतोयस का? ड्वेन? अरे, कोणी ऐकतंय का?"

ऑर्विलने फोन खाली ठेवला आणि अँटेनाचं तोंड रॉयकडे वळवायला शिडी आणायला गेला.