एकेचाळीस सुडांचा लांडगा

एका जंगलात, बाळांनो, दौलतराव नावाचा एक लांडगा राहायचा. तो जांभळीखालच्या ज्या बिळात राहायचा ते त्याचं नव्हतं. ते त्याच्या जिवलग मित्राचं, एका साळिंदराचं होतं. "तू निवांत करांदे उकरून आण, मी दार राखतो," असं म्हणून त्याने जे दार राखलं, ते कायमचंच. बिचारा साळिंदर हाय खाऊन वारला.

त्याची बायको हौसाबाई. तिने नवऱ्याच्या गळलेल्या काट्यावर हात ठेवून शपथ घेतली, "दौलत्याचा सूड घेईपर्यंत करांदा तोंडात घालणार नाही!"

करांदे म्हणजे रानातले कंद. साळिंदरांचा त्यांच्यावर भारी जीव. म्हणजे शपथ साधीसुधी नव्हती.

मग तिने मुलाला, गुणवंताला, वाढवलं. रोज तालीम चालायची.

"आधी बापाचं नाव घ्यायचं. मग 'आठवतं का?' विचारायचं. मग मारायचं. आणि स्वतःच्या हाताने! दुसऱ्याने मारला तर सूड धरत नाहीत."

सिनेमातही असंच असतं, घरी विचारा.

बारा वर्षं गेली. हौसाबाईचे दात हलायला लागले. "माझे दात आहेत तोवर उरक रे बाबा," ती म्हणाली.

गुणवंत काटे फुलवून बिळापाशी गेला. तिथे चाळीस जण आधीच बसले होते. ससे, भेकरं, एक तरस, एक मोर. दौलतरावाने कुणालाच सोडलं नव्हतं.

"बाजूला व्हा, मी मारणार!" गुणवंत ओरडला.

"खबरदार!" मोर म्हणाला. "तू मारलास तर आम्ही काय करायचं? आमच्याही आया घरी वाट बघतायत."

ते खरंच होतं. लांडगा एक, आणि तो मरणार एकदाच. शेवटी समिती नेमली. कुणाला दिलेला दगा सर्वांत मोठा, हे ठरेपर्यंत दौलतरावाला कुणी हात लावायचा नाही. कुणी लावू नये म्हणून दारावर पहारा बसला. तो खोकला की तरस काढा घेऊन धावायचा. मोर वारा घालायचा.

समिती चार वर्षं बसली. मग दौलतरावाने अंथरूण धरलं.

"काही खावंसं वाटत नाही," तो कण्हला. "करांदे असते तर बघितलं असतं."

"असा मरू द्यायचा नाही त्याला!" हौसाबाई कडाडली. "मग माझ्या शपथेचं काय?" तिने स्वतः करांदे उकरले, उकडले, सोलले. वास सोसवेना म्हणून श्वास रोखून तिने ते दौलतरावाला भरवले.

गुणवंताला राहवलं नाही. "जांभळीखालचा साळिंदर! आठवतं का?"

"कोण रे?"

"ज्याचं हे बीळ!"

"हां हां! बीळ उत्तम आहे हो. काही तक्रार नाही." मग तो हौसाबाईकडे वळला. "वहिनी, मीठ जरा कमी पडलं." एवढं बोलून तो समाधानाने मेला.

एकेचाळीस जण ढसाढसा रडले. सख्खी पोरं रडत नाहीत इतकं.

थाळीत एक करांदा उरला होता. हौसाबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली. तिच्या तोंडात आता दोनच दात होते.

"गुण्या," ती म्हणाली, "मेल्याला मुलगाबिलगा आहे का रे?"

तात्पर्य: कधीही एकालाच दगा देऊ नये, जिवावर बेततं. निदान चाळीस जणांना तरी द्यावा. म्हातारपणी आपलं करायला कुणीतरी हवं.