केशवकाकांच्या पालीचं अंथरूण

थंडीच्या दिवसांत सकाळी उठून बघावं, तर शेजारचे केशवकाका अंगणात वाळूवर उघडे पालथे पडलेले. अंगावर फक्त पट्ट्यांची अर्धी चड्डी आणि गाल वाळूला टेकलेला. रस्त्यानं जाणारं कुणी घाबरून थांबलं, की काका पडल्या पडल्याच हात हलवत, "काही नाही गा, पाहून राहिलो."

काय पाहून राहिले होते? तर ही वाळू पालीच्या पोटाला टोचते का.

हो, पाल. सत्तरच्या दशकात आमच्या महाल वस्तीत लोक पोपट पाळत, काकांनी पाल पाळली. ते पोस्टातून निवृत्त झालेले, घरात एकटेच. रामटेकला गेले असताना गडाच्या पायऱ्यांवर लोक काठ्या घेऊन तिच्यामागे लागलेले दिसले, तेव्हा यांनी तिला जेवणाच्या डब्यात घातली आणि एसटीनं घरी आणली. पिवळी, अंगभर काळे ठिपके, जाड शेपटी, मागचा एक पाय काठीनं मोडलेला. लोक तिला जहरी म्हणत. "जहरी कायची? गरीब हाय बिचारी," असं म्हणून काकांनी तिला मिठाईवाल्याच्या जुन्या काचेच्या पेटीत ठेवलं. त्या दिवसापासून माझ्या आईनं त्यांच्या घरात पाऊल टाकलं नाही. आईला पालीचा मुलखाचा तिटकारा.

आणि काकांना एकच घोर लागला, हिच्याखाली अंथरायचं काय?

आधी लाकडाचा भुसा आला. काका त्यावर झोपले आणि दिवसभर शिंकत बसले. भुसा बाद. मग संत्र्याच्या पेटीत घालतात ते तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, आलं. त्यानं पोटावर ओरखडे उठले, तेही बाद. "आपण झोपून पाहाल्याबिगर दुसऱ्याले झोपवू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी कन्हान नदीची वाळू आणली, चाळली, धुतली, वाळवली. "मखमल हाय, मखमल," म्हणाले.

तिथंच फसले. नाकतोड्यावर झडप घालताना पाल घासाबरोबर वाळूही गिळत होती. हे झोपून कसं कळणार? थोड्याच दिवसांत तिचं पोट टणक झालं आणि तिनं खाणं सोडलं. गुरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं, "वाळू साचली आहे. कोमट पाण्यात बसवत जा आणि खाली सपाट काहीतरी टाका. नाहीतर जाईल ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणात, पेटीत घालायला आणलेल्या फरशीवर पालथे. दात कडकडा वाजत होते. आईला राहवलं नाही. फाटकापाशी जाऊन म्हणाली, "भाऊजी, एका पालीपायी काहून जीव देऊन राहिले?"

काका उठून बसले. म्हणाले, "सुमनले बोलता येत नव्हतं ना वहिनी, शेवटी शेवटी."

सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, मी लहान असतानाच गेलेली.

"तिच्या गादीवर पहिले मी झोपून पाहत होतो. चादरीले सुरकुती राहिली तरी तिले टोचे, अन् ते सांगन कशी? एकडाव नवी गादी आणली. मले ड्युटीवर जायची घाई होती, नाही झोपलो. कापसात सरकी राहून गेली होती वहिनी. पाठीले तिथंच जखम झाली. ते काही भरली नाही."

आई फाटक उघडून आत गेली. फरशीवर तळवा ठेवला, वाकून गालही टेकवला. मी बघतच राहिलो.

"फरशी लई थंड हाय, भाऊजी. पोट गारठन तिचं. पहिले उन्हात तापू द्या."

दोघंही फरशीच्या बाजूला बसून राहिले, ऊन येईपर्यंत.

पालीच्या पोटातली वाळू हळूहळू बाहेर पडली आणि एका दुपारी तिनं नाकतोडा मटकावला. ती बातमी आईनंच आम्हाला घरी येऊन सांगितली; जेवण अर्धवट टाकून ती बघायला गेली होती.

पुढं ती थंडी संपेपर्यंत काका रोज फरशी उन्हात तापवत, तिच्यावर झोपून पाहत, आणि मग कुंपणाशी येऊन आईला हाक मारत, "वहिनी, तुम्हीबी एकडाव हात लावून पाहा. माझ्या एकट्याच्यानं काहीतरी सुटून जाते."

आई हातातलं काम टाकून जायची.