एक रुग्ण, एक नोंद

माणूस विसरतो, कागद हरवतो. संगणकाला मात्र सगळे ठाऊक असते. याच श्रद्धेने देवासच्या यशराज जाधवने देवास आणि धारच्या दवाखान्यांसाठी रुग्णमाहितीची प्रणाली उभी केली. तिची थोरवी काय सांगावी! तिच्यात चारशे रकाने होते (त्यांतले तीनशे नव्वद कोणी भरत नसे, पण ते होते). धारच्या जुन्या डॉक्टरांचे पिवळे पडलेले केसपेपरसुद्धा त्याने आत घातले. रुग्णाला काही विचारायचे नाही, हे मुख्य तत्त्व. कारण शंभर टक्के चुकीची माहिती रुग्णच देतात, असे एका अभ्यासात आढळले होते (अभ्यास यशराजनेच केला होता, घरी बसून).

शुभारंभ डॉ. चिंतामणींच्या दवाखान्यात झाला. घसा सुजून तापाने फणफणलेली यशराजची आई, कुसुमावतीबाई, पहिली रुग्ण ठरली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटले : 'कोणत्याही औषधाचे वावडे नाही.' डॉक्टरांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन भरले.

"हे मला चालत नाही रे," आई म्हणाली. "लग्नाआधी धारला दिलं होतं, मरता मरता वाचले."

"आई, सिस्टिममध्ये असं काहीच नाहीये," यशराजने समजूत घातली.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सून घरात आली की ताटातल्या तांदळात तिचे नवे नाव लिहायचे, ही घरची रीत. 'कुसुमावती' हे नाव देवासचे, सासरचे. धारची नोंद माहेरच्या नावावर असणार, असे तो डॉक्टरांना म्हणाला.

"तो टेन्शन किस बात का, भिया?" डॉक्टर म्हणाले. "माहेरचं नाव टाक, सर्च मार. पुराव्याशिवाय ही तुझी सिस्टिम इंजेक्शन कॅन्सलच करू देत नाही."

मामांचे आडनाव यशराजला ठाऊक होते. आईच्या माहेरच्या नावापाशी गाडी अडली. त्याने 'कमल' टाकले. मग 'शोभा'. मग 'लता'. आई बघत होती. तिलाच विचारायची त्याला इतकी लाज वाटली, की जमीन दुभंगली तर बरे, असे झाले. तिसऱ्या चुकीनंतर प्रणालीने सुरक्षेच्या कारणास्तव त्याला बाहेर काढले : 'आपण या रुग्णाच्या ओळखीचे दिसत नाही.'

डॉक्टरांनी इंजेक्शन कचऱ्यात टाकले आणि साध्या कागदावर दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

"माधवी," उठता उठता आई म्हणाली. "इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही."

यशराजने सुधारणा केली आहे. नव्या आवृत्तीत पहिलाच रकाना सक्तीचा आहे : आईचे माहेरचे नाव. आपणही भरून पाहावा, आईला फोन न लावता. झटक्यात भरलात? शाबास. पुढचा रकाना आजीचा आहे.