कातडीपासून अस्सल

इंग्लंडातल्या हॅदरली गावात दर ऑक्टोबरात सतराशे सहासष्ट सालचा पावाचा दंगा जुन्या वेशात पुन्हा होतो. शनिवारी, दुपारी दोन ते चार; पाऊस असल्यास मंडपात. या दंग्यात बाईमाणसाला बोलायला एकच जागा आहे. पिठाच्या गाडीवर चढून एकीने चार वाक्यं बोलायची. ग्वेंडा प्रॉसर, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, अकरा वर्षं गर्दीत उभी राहून ‘हो, हो!’ म्हणत आली होती. इतकी वर्षं दुसऱ्याच्या बोलण्याला ‘हो, हो’ केल्यावर माणसाला स्वतःही काही बोलावंसं वाटतं. यंदा ती चार वाक्यं तिला मिळाली. म्हणजे मिळणार होती, अस्सलता समितीचा दाखला हाती आला की.

समितीचे अध्यक्ष मिस्टर कॉबोल्ड. नोकरीत असताना ते चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांवर दंडाच्या चिठ्ठ्या चिकटवत, त्यामुळे इतिहासाची शिस्त त्यांच्या अंगात आयतीच होती. नियम सरळ होता : वेश कातडीपासून बाहेरपर्यंत अस्सल हवा. बाहेरचं लोक बघतील, आतलं समिती.

फेब्रुवारीत ग्वेंडाने सुई हातात धरली. आतून घालायचा, गुडघ्याखाली जाणारा लिननचा सदरा, सगळी हातशिलाई. मिस्टर कॉबोल्डनी भिंग लावून इंचाला टाके मोजले.

“नऊ आहेत. बारा हवेत.”

तिने उसवला, पुन्हा शिवला. बारा भरले.

“आता फार सारखे आलेत. मशीन मारल्यासारखे दिसतात. थोडे चुकवा.”

तिने इमानेइतबारे चुकवले. मग आला कॉर्सेट, छाती-कंबर आवळून धरणारा. त्या काळी त्यात देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या घालत. देवमाशाला कायद्याची आडकाठी, प्लास्टिकला समितीची. शेवटी वेताच्या कामट्या मंजूर झाल्या, तोवर सप्टेंबर उजाडला आणि तिच्या बोटांची चाळण झाली.

“आणि पुरुषांच्या आतल्या कपड्यांचं काय हो?” तिने एकदा विचारलंच. मिस्टर कॉबोल्डच्या तुमानीतून इलॅस्टिकची निळी पट्टी डोकावत होती, वर कंपनीचं नाव.

“पुरुषांबाबत पुरावा अपुरा आहे,” ते गंभीरपणे म्हणाले. “विषय विचाराधीन आहे.”

एकोणीस वर्षं तो विचाराधीनच होता.

आठ दिवस उरले आणि कलम चौदा निघालं. अठराव्या शतकातल्या इथल्या बायका सदऱ्याखाली काहीच घालत नसत. चड्डी नंतरची.

“बरं, नाही घालत,” ग्वेंडा म्हणाली. एक तरी गोष्ट शिवायची नाही म्हटल्यावर तिला हायसंच वाटलं.

“नुसतं म्हणून कसं चालेल? प्रमाणित व्हायला हवं.”

“काय प्रमाणित?”

“अधोवस्त्राचा अभाव.”

“म्हणजे? तुम्ही बघणार?”

“छे छे! भलतंच काय बोलता बाई!” साहेब कानापर्यंत लाल झाले. “समिती सभ्य आहे. तुम्ही वस्तू कार्यालयात जमा करायची. पावती मिळेल. वस्तू आमच्याकडे, म्हणजे तुमच्या अंगावर नाही, हे ओघानंच आलं.”

“पण घरी आणखी आहेत की!” ग्वेंडाच्या तोंडून निघून गेलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “किती?”

घरी नवरा इद्रिस पोट धरून हसला. “अगं, दुकानात नव्या मिळतात, हे मात्र सांगू नकोस त्यांना. दुकानाला टाळं ठोकतील!”

“हसू नकोस, मेल्या! माझी चार वाक्यं आहेत ती!” तिचे डोळे भरून आले. मग इद्रिसनेच मुकाट्याने पिशवी भरली.

पावती शिक्क्यासह मिळाली : ‘अधोवस्त्रे, नग बारा, पैकी एक फुलाफुलांचे. स्थिती : वापरलेली.’ तिची प्रत चौकातल्या फलकावर लागली, शेजारी कलम चौदा, ठळक अक्षरांत. पारदर्शक कारभार.

दंग्याच्या दिवशी वारा होता. मिस्टर कॉबोल्ड लाउडस्पीकरवरून अभिमानाने गरजले, “आता येत आहेत श्रीमती प्रॉसर! कातडीपासून अस्सल, कलम चौदासह!”

ग्वेंडा गाडीवर चढली आणि ताठ उभी राहिली. वेताच्या कामट्यांत दुसरं काही करताच येत नाही. चारही वाक्यं तिने खणखणीत म्हटली, कुठे अडखळली नाही. हजारभर माणसं चिडीचूप. तळलेले बटाटे हातातल्या हातात गार झाले. इतके एकाग्र श्रोते हॅदरलीत कोणाही वक्त्याला लाभले नव्हते. नजरा सगळ्या तिच्या घागऱ्याच्या काठावर, आणि मनोमन वाऱ्याला शुभेच्छा.

“कसं झालं?” खाली उतरून तिने धापा टाकत इद्रिसला विचारलं.

“झकास! ऐनवेळी वारा पडला म्हणून वाचलीस.”

“अरे, मी बोलले ते!”

इद्रिस बुटांकडे बघू लागला. भर चौकात त्याच्या थोबाडीत द्यावी, असं तिला वाटलं. पण हात वर उचलायची त्या कॉर्सेटमध्ये सोय नव्हती.

ती काय बोलली, हे आजही गावात कोणाला सांगता येत नाही. तुमचंही तेच, वाचकहो. इथवर आलात, पण त्या चार वाक्यांची साधी चौकशी केली नाहीत. मात्र इद्रिसने तेरावी गुपचूप घरी ठेवली होती का, हे विचारायला तुमची जीभ केव्हाची वळवळते आहे. विचारा, लाजू नका. समितीत एक जागा रिकामी आहे.