चार मिनिटांचं रीळ आणि अर्धी मिशी

वाचकहो, एखाद्या गोष्टीचं नियोजन कसं करावं ते माझ्याकडून शिकावं, असं मी एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालापर्यंत चारचौघांत छाती काढून सांगत असे. आता सांगत नाही. का, ते ऐका.

त्या वर्षी मी शिरूरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होतो आणि स्नेहसंमेलनाचा सेक्रेटरी म्हणून निवडून आलो होतो. पहिल्याच मीटिंगमध्ये मी टेबलावर मूठ आपटली.

"यंदा नाटक बंद! दरसाल तेच राजे आणि त्याच पत्र्याच्या तलवारी! यंदा आपण गाण्याची फिल्म काढायची! गाणं आपलं, माणसं आपली, पडद्यावर नाचणार आपलीच!"

टाळ्याच टाळ्या! टाळी वाजवली नाही ती एकट्या जयसिंगनं. दरसाल राजा तोच व्हायचा, आणि यंदाच्या राजासाठी त्यानं श्रावणापासून दाढी वाढवली होती. ती कुरवाळत तो उभा राहिला.

"हौसराव, काढ फिल्लम. पर पडद्यावर माणसं नाचली न्हाईत, तर तुझी अर्धी मिशी मी स्टेजवर उतरवणार. आन् दुसऱ्या दिवशी ग्रुपफोटूत तसंच बसायचं, अर्ध्या मिशीनं, प्राचार्यांच्या शेजारी! हाय कबूल?"

ग्रुपफोटो म्हणजे थट्टा नव्हती. तो फ्रेम होऊन ऑफिसात कायमचा टांगला जायचा. आणि मिशी तर मला नुकतीच, भारी मिनतवारीनं फुटली होती. पण समोर शंभर पोरं बसलेली! मी म्हणालो, "कबूल!" आणि होती तेवढ्या मिशीला पीळ दिला.

नियोजन मात्र चोख होतं, यात वाद नाही. माझा मित्र पोपट दौंडचा. त्याचे वडील रेल्वेत फायरमन. त्यांच्या इंजिनावरचा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा त्यानं आपला चावीचा कॅमेरा, फिल्म दाखवायचं मशीन आणि एक कोरं रीळ त्यांना देऊन टाकलं होतं. रीळ चार मिनिटांचं, तेही मुकं. मग गाण्याचं काय? तर आमचा दुसरा मित्र बन्सी. दौंडच्या बुद्धविहारात लहानपणापासून गाऊन तयार झालेला गळा! गाणं त्यानंच रचलं. पडद्यावर त्यानं ओठ हलवायचे आणि संमेलनात पडद्यामागं उभं राहून खरं गायचं. आणि जागा? राहूला माझ्या ज्ञानदेवमामांचं गुऱ्हाळ! रसाची काहील रटरटतेय, बायका फुगड्या घालताहेत, गडी मोळ्या घेऊन डोलताहेत आणि मधोमध बन्सी. सगळं मी शंभर पानी वहीत चित्रं काढून लिहिलं होतं.

डिसेंबरात आम्ही राहूला पोचलो. मामा नवा फेटा बांधून तयार होते. बायकांची म्होरकी दगडाबाई हिरवं लुगडं नेसून आली होती. काहिलीवरचा गुळव्या साहेबराव, तो तर गुळाच्या कामाला अंघोळ करून, टिळा लावून आला होता! मी पोपटला बाजूला घेतलं.

"पोपट, एकच रीळ आहे. मी 'कट' म्हणेपर्यंत डोळा काढायचा नाही. चावी संपली की द्यायची, परत बटण दाबायचं. आभाळ कोसळलं तरी थांबायचं नाही!"

"न्हाई थांबत," पोपट म्हणाला. या पोराचा एकच दोष होता, तो सांगितलेलं ऐकायचा.

आधी नुसती तालीम घेतली. काय सांगू तुम्हाला! बन्सीनं सूर लावला, "हाल रं गड्या, डोल रं गड्या, उसाला आलीया गोडी!" आणि सगळं गुऱ्हाळ नाचायला लागलं! दगडाबाईनं तर फुगडीत दोघींना दमवून खाली बसवलं. साहेबराव तालावर काहील ढवळत होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मिशीवरून हात फिरवून मी ओरडलो, "पोपट, चालू!"

पोपटनं कॅमेरा डोळ्याला लावला. त्यानंतर जे घडलं ते मी अजून विसरलेलो नाही.

फुगड्या सुटल्या. बायका एका रांगेत आल्या. उंच गडी आपणहून मागं गेले, बुटके पुढं बसले. मामांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, फेटा सरळ केला आणि श्वास रोखला. सगळी माणसं दगड झाली! पापणी लवेना!

"अहो, हला!" मी ओरडलो. "नाचा! बन्सी, ओठ हलव!"

बन्सीसुद्धा ताठ! मान सरळ, तोंड मिटलेलं, नजर काचेवर. आमचा हिरो!

मी वेडापिसा झालो. हातवारे करत त्यांच्यापुढं धावलो. "मामा, हला! मावशी, असं! असं!" म्हणत एकट्यानंच गिरकी घेतली, कंबर हलवली, फुगडी घातली, हात जोडले, शेवटी लोटांगण घातलं! सगळा वेळ कॅमेरा मागं टरटरत होता. चावी संपली की पोपट देत होता आणि परत लावत होता. 'कट' म्हणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

तेवढ्यात वास आला. साहेबरावानं ढवळणं थांबवलं होतं! काहिलीतला रस फसफसून वर आला, कडेनं उतू जाऊन चुलवाणात पडायला लागला, काळा धूर निघाला.

"मामा, गूळ जळतोय!"

मामांनी ओठ न हलवता, दातांतल्या दातांत विचारलं, "झालं का? आधी झालं म्हण!"

"रीळ संपलं," पोपट म्हणाला आणि कॅमेरा खाली घेतला. तेव्हा कुठं सगळ्यांनी श्वास सोडला आणि मामा काहिलीकडं धावले. अख्ख्या काहिलीचा कोळसा झाला होता. पण त्यांनी पहिलं काय विचारावं? "आलो का पर समदे?"

मी दगडाबाईला गाठलं. "मावशी, तालमीत तर एवढ्या नाचलात!"

"तवा फोटू कुठं व्हता?" दगडाबाई म्हणाली. "फोटूवाला आजवर दुसरं काय सांगत आलाय? हालू नका म्हंतो त्यो!"

"अहो, पण हा हलणारा फोटो असतो!"

"मंग त्यो हालंल की! आमी कशापायी हालायचं?"

मी बन्सीकडं वळलो. तो मान खाली घालून म्हणाला, "ती काच समोर आली आन् माझा जीवच आकसला रे. जन्मात एकच फोटू काढलाय, मॅट्रिकच्या फॉर्मवरचा."

रीळ धुवायला मुंबईला गेलं. दुसरं रीळ मिळायची सोय नव्हती आणि खरं सांगायची माझी छाती नव्हती. कुणी विचारलं की मी सांगायचो, "काम अप्रतिम झालंय!" आणि रोज सकाळी पोस्टात जाऊन, पार्सल गहाळ झालंय का याची आशेनं चौकशी करायचो. पोस्टमास्तर धीर द्यायचे, "काळजी करू नका, आमच्याकडं काही गहाळ होत नाही." मी तोंड पाडून परत यायचो! जयसिंग मात्र खुशीत होता. भेटेल तिथं माझी मिशी बारकाईनं बघायचा आणि विचारायचा, "डावी का उजवी?" मला जेवण जाईना. आरशासमोर एकेक बाजू हातानं झाकून बघण्यात माझा जानेवारी गेला.

पार्सल आलं. अगदी संमेलनाच्या दिवशी, दुपारी! आणि आपला फोटो बघायला राहूची चाळीस माणसं गुळाच्या ट्रकमधून आली. प्राचार्यांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

दिवे गेले. पडदा उजळला. मामा, दगडाबाई, साहेबराव, मधोमध बन्सी. पडद्यामागून बन्सीचा सूर लागला, "हाल रं गड्या, डोल रं गड्या!"

कुणीही हललं नाही. पडद्यावर बन्सीचं तोंड मिटलेलं आणि गाणं चालू! "मशीन अडकलं!" पोरं ओरडली. पोपटनं मशीनला दोन गुद्दे घातले. प्राचार्यांनी उठून एक घातला. आणि एकाएकी पडद्याच्या कडेनं मी घुसलो! काय तो नाच! गिरक्या काय, कंबर काय, लोटांगण काय! मागं चाळीस पुतळे, पुढं मी एकटा, आणि सगळं नेमकं बन्सीच्या तालावर! हॉलमध्ये पोरं बाकावरून खाली पडली. "वन्समोअर! वन्समोअर!"

दिवे लागले आणि माझ्या जिवात जीव आला. मी स्टेजवर उडी मारली. "बघा! नाच झाला की नाही पडद्यावर? मी नाचलो की नाही?"

"ह्यो नाच न्हाई, ह्यो फिट्सचा झटका हाय!" जयसिंग वस्तरा घेऊन हजर! हॉलमध्ये दोन तट पडले. शेवटी प्राचार्य म्हणाले, "ज्यांची फिल्म आहे, त्या पाहुण्यांनाच विचारू. बोला ज्ञानदेवराव."

माझा सख्खा मामा! मी सुटलोच, असं समजून मी त्यांच्याकडं बघून हसलो. मामा फेटा सावरत उठले. अभिमानानं त्यांनी सगळ्या हॉलवर नजर फिरवली.

"लई झ्याक फोटू! काहील जळाली, पर आमच्यातलं एकबी माणूस हाललं न्हाई! नाच? आवो, नाच कसला! ह्यो हौशा मधीच येऊन आडवा पडला, न्हाईतर डाग नव्हता कशाला!"

"तर काय!" दगडाबाई म्हणाली. "काढा त्येची मिशी!"

उजवी गेली. पहिल्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपफोटो. फोटोग्राफरनं डोकं काळ्या कपड्यात घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "कुणी हलू नका!" नेमका त्याच वेळी प्राचार्यांनी माझ्याकडं तिरकं बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. मग जयसिंगला, मग पोपटला, मग सगळ्या मंडळाला. हसून हसून सगळे गदागदा हलत होते. मी एकटा शरमेनं जागच्या जागी थिजलो होतो.

तो फोटो अजून ऑफिसात आहे. प्राचार्यांना दोन नाकं आली आहेत, जयसिंगच्या दाढीचा नुसता धूर झाला आहे, पोपट तर ओळखूच येत नाही. सबंध फोटोत एकच माणूस स्वच्छ आणि रेखीव आला आहे. त्याच्या मिशीचा केसन् केस मोजता येतो. डाव्या बाजूचा.