हलगी आणि शिऱ्याची वाटी

तेलगावच्या तालमीत धोंडीराम वस्तादांनी साऱ्या गावासमोर मिशीवर हात ठेवून सांगितलं, "औंदा आपला उत्तरेश्वर मैदानात थरथरला, तर ही मिशी उतरवीन! बघाच!"

उत्तरेश्वर अंगाने रेडा. तालमीत भल्याभल्यांना लोळवायचा. पण जत्रेत कुस्तीची हलगी कडाडली की त्याचे पाय लटलटायचे आणि हात लावायच्या आधीच गडी हरलेला असायचा.

"भीती अंगात न्हाई, डोसक्यात असती," वस्ताद म्हणाले. "तालीम तिथंच द्यायची!"

झालं! रोज सकाळी गावचा हलगीवाला सटवा हलगी वाजवायचा आणि वस्तादांची बायको जानकीबाई उत्तरेश्वरापुढे तुपात न्हालेल्या शिऱ्याची वाटी ठेवायची. सुरुवातीला वाटी हातात हिंदकळायची. पुढे पुढे मात्र हलगी ऐकताच पोराचा चेहरा खुलू लागला.

"आवो, घरातलं समदं तूप ह्योच खातुया!" जानकीबाई कुरकुरल्या.

"मिशीपरीस तूप सवंग हाय!" वस्ताद गरजले.

युसूफ वडगावच्या जत्रेत निजाम सरकारचे फौजदार, अमीनसाहेब, खुर्ची टाकून बसले होते. उत्तरेश्वरासमोर चौसाळ्याचा पैलवान रामहरी. सलामी झाली. हलगी कडाडली! वस्तादांनी श्वास रोखला. पण उत्तरेश्वर जागचा हलेना, पाय अगदी खांबासारखे! वस्तादांनी मिशीला पीळ भरला.

तेवढ्यात उत्तरेश्वराने मैदानाच्या मधोमध ऐसपैस मांडी घातली.

"ऊठ की रं! कशापायी बसलास?"

"वस्ताद, हलगी वाजली की! वाटी कुटं हाय?"

हा कुठला नवा डाव म्हणून रामहरी आधी बिचकला. मग त्याने एका हाताने हळूच ढकललं. उत्तरेश्वर मांडीसकट उताणा. चीतपट!

मिशीची पैज चौसाळ्यापर्यंत पोचली होतीच; तिथली मंडळी लगेच न्हाव्याला घेऊन आली. "धोंडीराम, मिशी काढा!"

"थांबा! पोरगं थरथरलं का? खरं सांगा!"

थरथरला तर खरंच नव्हता. अमीनसाहेबांनी हसू आवरत फैसला दिला, "लौंडा कांपा नई! मूंछ सलामत!"

अशी मिशी वाचली. पण गावात हलगी काय, सरकारी दवंडीलाही वाजते. ती वाजली की उत्तरेश्वर हसतमुखाने वस्तादांच्या ओट्यावर येऊन मांडी घालतो. आत जानकीबाई तुपाचा रिकामा गडवा घेऊन नवऱ्याकडे वळतात.

आणि वस्तादांचे पाय लटलटायला लागतात!